आमच्या बोर्डावरचं 'कलाकेंद्र'

गेल्या महिन्यात चौसाळ्यात आमची चांगलीच फजिती झाली. फजिती म्हणूनच सांगायला बसलेय, पण शेवटपर्यंत ती फजिती राहिली नाही... म्हणून लिहितेय.

हायवेला लागून एक जुनं पत्र्याचं गोडाऊन आहे. तिथे शनिवार-रविवारी आम्ही तिघं मिळून मुलींना चित्रकला आणि गाणं शिकवतो. तिघं म्हणजे रिटायर झालेले ड्रॉइंगचे दिगंबर सर, गाणं शिकवणाऱ्या मंगलमावशी आणि मी. मला यातलं काहीच येत नाही, माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे... मी नुसती आरडाओरडा करते आणि झाडून घेते.

सहा महिने बिनबोर्डाचंच चाललं. मग सरांनी हौसेनं स्वतः बोर्ड रंगवला. लालभडक अक्षरात, 'कलाकेंद्र'. आणि टांगला कुठे, तर बरोबर हायवेच्या तोंडाला!

आता आपल्याकडे हायवेला 'कलाकेंद्र' वाचलं की माणसाला काय आठवतं, हे शेंबडं पोरगंही सांगेल. ढोलकी, घुंगरू, लावणीच्या बैठका. पण सर म्हणजे अगदी देवमाणूस, त्यांच्या मनातही आलं नाही. आणि माझं म्हणाल तर डोकंच चाललं नाही त्या दिवशी.

तिसऱ्याच दिवशी एक जीप थांबली. पांढऱ्या कपड्यातले तिघं उतरले आणि प्रोग्राम किती वाजता आहे म्हणून विचारायला लागले. सरांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि शांतपणे सांगितलं की आधी फॉर्म भरा, पालकांची सही लागेल... दोन फोटो पण. ते तिघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत जीपमध्ये बसले ते गेलेच.

गाव आठवडाभर हसलं. मी पण पोट धरून हसले, खोटं कशाला बोलू. पण पुढच्या शनिवारी अकरा मुलींपैकी चारच आल्या आणि माझं हसू आटलं.

वैष्णवी म्हणून एक पोर आहे, सगळ्यात गोड गळ्याची. तिच्या वडिलांचा फोन आला. राग नाही, भांडण नाही. एवढंच म्हणाले की मॅडम, उद्या सोयरिकीच्या टायमाला कुणी विचारलं, पोरगी कुठं जात होती, तर काय सांगू?

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, सर, आधी तो शब्द पुसा. 'संस्कार वर्ग' लिहा, 'बालविकास' लिहा, काही पण लिहा. सर बिचारे शिडीवर चढले आणि 'क'वर पांढरा रंग फिरवला पण.

तेवढ्यात मंगलमावशी आल्या. साठीच्या आहेत, दोन वर्षांपूर्वी इथे भाच्याकडे राहायला आल्या, कायम डोक्यावर पदर. माझ्या दुकानात ब्लाऊजचं माप देताना गुणगुणत होत्या, तेवढ्यावरून मी त्यांना ओढून आणलं होतं. मी त्यांना झालेलं सगळं सांगितलं. त्यांनी वर बोर्डाकडे बघितलं.

"पुसा बाई, पोरी आल्या पायजेत," त्या म्हणाल्या. "पर शब्द पुसला, आन् मला कुठं पुसणार? तीस वर्सं मी असल्याच बोर्डाखाली गायलेली हाय. ह्या पोरींना जे देती, ते समदं तिथलंच हाय."

शिडीवर सरांचा हात थांबला. बोर्डावर नुसतं 'लाकेंद्र' उरलं होतं, पण हसायची शुद्ध कुणाला होती...

मावशींनी मग हट्टच धरला, मुलींच्या आयांना मीच सांगणार म्हणून. लपवून शिकवायचं असेल तर त्यांना शिकवायचंच नव्हतं. सरळ कबूल करते, मला घाम फुटला. माझं दुकान याच बायकांवर चालतं... आणि त्यांनी नाकं मुरडली असती, तर या वयात मावशींना गावात तोंड दाखवणं अवघड झालं असतं.

रविवारी दुपारी सगळ्या आया आल्या. मावशी उभ्या राहिल्या, पदर नीट केला.

"मी संगीतबारीत गायलेली बाई हाय. नाचलेली बी हाय. त्याच्यावरच आईला सांभाळलं, भावाची लेकरं शिकवली. पटलं तर पोरी पाठवा, न्हाई तर माझा रामराम घ्या."

 एक जण लगेच उठली, चप्पल घातली आणि निघून गेली. 

मग वैष्णवीची आई बोलली. ही बाई दुकानात आली तरी मापापुरतं बोलते. म्हणाली की पोरगी भाकरी थापताना ताल धरते, आता येऊ देत नाही म्हणून फुगून बसलीय, आणि तो ताल आता माझ्या पण हाताला लागलाय. एवढं बोलून तिनं मान खाली घातली आणि हळूच विचारलं,

"मावशी, आमच्यासाठी न्हाई का वर्ग?"

मावशींनी पदर तोंडाला लावला. त्या रडल्या का हसल्या, मला दिसलं नाही, कारण मी स्वतःच रडत होते.

आता अकरापैकी नऊ मुली येतात. दोघी नाही आल्या, येतील असं वाटतही नाही. वैष्णवीचे वडील तिला आणून सोडतात, पण कोपऱ्यापर्यंतच. सरांनी 'क' परत रंगवला, तो बाकीच्या अक्षरांपेक्षा मोठा झालाय... असू दे. बुधवारी दुपारी आयांचा वर्ग असतो, त्यात मी पण बसते. बेसूर आहे, मावशी तोंडावर सांगतात.

त्या रविवारी सगळ्या गेल्यावर मी मावशींना विचारलं, गाणं कुणाकडून शिकलात? आईकडून म्हणाल्या. मग आईचं नाव सांगितलं, ती कशी गायची ते सांगितलं, आणि दिवे लागेपर्यंत सांगतच राहिल्या. सहा महिने ही बाई आम्हाला गाणं देत होती, आणि ते तिनं कुठून आणलं, हे आम्ही एका शब्दानं विचारलं नव्हतं.

थँक्यू मावशी... आणि माफ करा.