हेडसेटमधली शिट्टी

विमान चालवताना घालायचा माझा जुना हेडसेट परवा जेवणाच्या टेबलावर उघडला आणि बाहेरचा आवाज मारणारं सर्किट त्यात बसवलं. "आता तरी कान सांभाळा," हा बायकोचा धोशा होता.

आज ढगांवर गेल्यावर बटण दाबलं. इंजिनाची घरघर दार लोटल्यासारखी बाहेर राहिली. आत उरलो मी, माझा श्वास आणि एक बारीक शिट्टी. सर्किटचीच असणार, म्हणून चरफडलो. उतरलो, इंजिन बंद केलं, हेडसेट काढला. शिट्टी तशीच. माझ्याच कानातली. वर इंजिन, घरी पंखा नि टीव्ही. ज्या गोंगाटाला जन्मभर शिव्या दिल्या, तोच तिला झाकत होता.

घरी बायकोनं मिक्सर थांबवून विचारलं, "मिळाली का शांतता?"

"मिळाली," म्हटलं. "तू आधी तो मिक्सर चालू कर."