शिवेवर अडवलेली गाडी

शेजारच्या पुऱ्याच्या माणसांनी लाठ्या आडव्या धरल्या तेव्हा माय गाडीत कडब्यावर पडून होती. तिच्या पायांत गोळे येत होते, डोळे आत गेले होते. मी तोंडात पाणी घालत होते, ते तसेच बाहेर येत होते. बुलढाण्याचा दवाखाना कोसावर होता आणि सडक त्या पुऱ्यातूनच जात होती.

सडक सरकारी, गिट्टीची, दोन्ही बाजूंना कडुलिंबाची झाडे. आमच्या गावचा कापूस, पुऱ्याची वांगी-मिरची, सगळे तिच्यावरूनच बाजारात जायचे. लेकीही तिच्यावरूनच दिल्या-घेतल्या जायच्या. माय त्याच पुऱ्याची. लाठी घेऊन उभे होते त्यांत तिचा सख्खा भाऊ होता.

त्यांचा राग उगाच नव्हता. आमच्या गावात पटकीने माणसे मरू लागली तेव्हा गावाने मरीमायचा गाडा काढला होता. गाड्यावर देवी बसवायची, लिंबाचे डहाळे बांधायचे, ढकलत पुढच्या गावच्या शिवेत सोडायचा आणि मागे न पाहता परतायचे. म्हणजे रोग तिकडे जातो. गाडा ढकलणाऱ्यांत बाबा पुढे होते. त्यात मान समजत. पुढचे गाव म्हणजे हा पुरा. पाठोपाठ तिथेही पटकी लागली.

आणि आम्ही निघताना आजीने गाडीला लिंबाचे डहाळे बांधले. आजारी माणसाच्या गाडीला बांधायची आमच्याकडे रीतच होती.

"जवाईबुवा," एक म्हातारा ओरडला, "मांगच्या खेपेनं पोट नाही भरलं का? पुन्हा गाडा घेऊन आले!"

"गाडा नाही हो! तुमचीच लेक हाय. दवाखान्यात नेऊन राह्यलो."

"मंग लिंब काऊन बांधला बे?" मागून कोणीतरी म्हणाले.

गाडा नाही हे दाखवायला बाबांनी डहाळे ओरबाडले आणि सडकेवर फेकले. तिथेच घात झाला. देवी सोडतात ती अशीच, दुसऱ्याच्या शिवेत लिंब टाकून. एकच गलका उठला. "टाकली रे! आपल्या शिवेत टाकली!" बैलांच्या तोंडावर लाठ्या बसल्या. बैल उलटे फिरले.

माय उठून बसली. कशी बसली कोण जाणे. "दादा, मले जाऊ दे," एवढेच बोलली.

मामाने लाठी खाली घेतली नाही. "बाई, माह्या घरात दोन लेकरं हायेत," म्हणाला.

पुरा टाळायला बाबांनी शेतांमधल्या पांदणीतून गाडी घातली. पावसाने पांदण खचली होती. चाक आसापर्यंत रुतले. बाबा खांदा लावून ढकलत होते, मी बैलांना हाकत होते. चाक निघाले नाही. माय तिथेच गेली. दवाखान्याची कौले दिसत होती.

त्या पटकीतून बाबा वाचले, मी वाचले. मामा वाचला, त्याची दोन्ही लेकरेही वाचली.