मर्डोची दोन मिनिटं

मर्डो गेडिस एका जागी पाच मिनिटं बसला होता, असं डनेडिनच्या त्या चढावरच्या गल्लीत कुणीही शपथेवर सांगणार नाही. वय एकाहत्तर. रेल्वेच्या कारखान्यात चाळीस वर्षं फिटर होता, तिथेही म्हणे डबा उभ्यानेच खायचा. निवृत्त झाल्यावर तर पायांना भिंगरीच लागली. कुणाचं दार घासतंय, कुणाची पन्हळ तुंबलीय, की निघाला मर्डो! गल्लीतल्या निम्म्या जुन्या घरांच्या लाकडी जमिनीखाली सरपटत जाऊन गरम पाण्याच्या नळ्यांवर फोमचं वेष्टण चढवलं ते त्यानेच. आणि स्वतःच्या घराखालची नळी? उघडी-नागडी. तिच्यासाठी आणलेलं वेष्टण चार वर्षं शेडमध्ये धूळ खात पडलं होतं.

भोगत होती त्याची बायको, रोना. लोकरीच्या गिरणीत उभा जन्म धागे जोडले त्या बोटांनी, आणि आता संधिवाताने ती रोज सकाळी आखडून बसायची. गरम पाण्याखाली धरल्याशिवाय मूठ उघडायची नाही. पण गरम पाण्याची टाकी घराच्या पुढच्या टोकाला, स्वयंपाकघर मागच्या टोकाला, आणि मधली सगळी नळी जूनच्या, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्याच्या, गारठ्यात. नळ सोडून बिचारी उभी, आणि पाणी आपलं गार ते गारच. मर्डोला हे माहीत नव्हतं असं नाही. पण तोवर तो कुणाच्या तरी अंगणात पोचलेला असायचा.

शुक्रवारी रोनाने त्याच्याकडून फोन लावून घेतला, कारण बोटांना आकडे दाबवेनात. ब्रिस्बेनला, जिथे हिवाळ्यातही ऊन असतं, तिथल्या त्यांच्या मुलीला. "किर्स्टी, रविवारी येते गं. हो, राहायलाच. मागची खोली झाडून ठेव."

मर्डो दाराकडे निघालेला, तो वळला. "राहायला म्हणजे? किती दिवस?"

"ते तिथलं ऊन ठरवेल. तुला काय फरक पडतो? तू घरी असतोस कधी?"



शनिवारी सकाळी गडी टॉर्च आणि वेष्टण घेऊन घराखाली शिरला. रस्त्याच्या बाजूला उकिडवं बसता येतं. स्वयंपाकघराकडे सरकावं तसा चढ वर येतो आणि शेवटी पोटावरच जावं लागतं. चिखल, कोळिष्टकं, नाकात माती. पण कामाला वाघ! तांब्याची नळी दिसली की गुंडाळ, चिकटपट्टी मार, पुढे सरक. दुपारी बाहेर आला तो डोक्यापासून पायापर्यंत राड.

"सोड नळ!" तो खिडकीतून ओरडला.

रोनाने सोडला. थोडा वेळ बोट धरलं आणि बंद केला. "बर्फ आहे नुसता. कुठल्या नळीला गुंडाळलंस रे?"

"तांब्याच्या."

"तांब्याच्या दोन आहेत, मर्डो."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. त्याने गुंडाळलेली नळी होती जुन्या, पाणी तापवणाऱ्या कोळशाच्या चुलीची. तीस वर्षांपूर्वी चूल काढली, तेव्हा ती दोन्ही टोकांना यानेच कापली होती. सकाळभर बाबा त्या मेलेल्या नळीला ऊबदार कपडे घालत होता!

"हात लावून बघितलं नाहीस, कुठली तापते ते?"

नव्हतं बघितलं. त्यासाठी पडून वाट बघावी लागली असती ना!

"आधी सूप घे," रोना म्हणाली. जेवून तो परत खाली सरपटला, पार स्वयंपाकघराखाली, आणि दुसऱ्या नळीवर तळहात ठेवून ओरडला, "सोड!"

वर रोनाने नळ सोडून टाच आपटली. नळीतून पाणी सळसळलं. गार. गुडघ्याला खाज सुटली. अजून गार. उठून पळावंसं वाटलं, पण उठणार कुठे, डोक्यावर फळ्या! बोटं बधिर झाली, मग आखडायला लागली. वर रोना या पायावरून त्या पायावर भार टाकत होती, तिच्या सपाता घासल्याचं ऐकू येत होतं. रोज सकाळी ती एवढा वेळ उभी राहते. ते हात घेऊन. मर्डोला स्वतःची भयंकर लाज वाटली. मग हळूहळू तांबं कोमट झालं, आणि तरी त्याने हात काढला नाही.

संध्याकाळपर्यंत त्याने सगळं वेष्टण सोडवून योग्य नळीला चढवलं.

"जादू नाही ही," तो म्हणाला. "रात्रभरात पाणी निवणारच. पण एकदा नळी तापली, की अर्धा तास तरी ऊब धरेल."

"आणि भल्या सकाळी ती तापवणार कोण?" रोनाने विचारलं. उत्तराची वाट न बघता ती बॅग भरायला गेली.

रविवारी उठून ती स्वयंपाकघरात आली. बॅग दाराशी होती. सवयीने तिने मनगटाने नळ ढकलला, आणि चार थेंब गार पडले न पडले तोच गरम पाणी आलं. वळून बघते तर टेबलाशी मर्डो. बसलेला!

"तू अजून इथे?"

"मघाशी नळ सोडून उभा होतो."

"किती वेळ?"

"दोन मिनिटं. जीव जायची वेळ आली गं!"

रोना खदखदून हसली. पाण्याखाली एकेक बोट सुटत गेलं.

"रोज उभा राहीन," तो म्हणाला. "जाऊ नकोस, रोना. मला नाही जमायचं तुझ्याशिवाय."

तिने हात पुसले आणि फोनकडे गेली. नंबर लावून द्यायला मर्डो उठायला लागला.

"बस खाली," ती म्हणाली. मग एकेक आकडा तिने स्वतः दाबला. "किर्स्टी? खोलीची घाई करू नकोस गं. तुझा बाबा आज घरी आहे."