अक्काच्या हाताखाली

अक्का गेली त्या सकाळी तिनं औषधाच्या बाटलीला शिव्या घातल्या होत्या. लहान मुलांना उघडता येऊ नये म्हणून दाबून फिरवायचं झाकण असतं ना, तसलं होतं ते. अक्काच्या कापऱ्या हातांना उघडेना. "लेकरांपासून जपलं ते ब्येस केलं," ती म्हणाली, "पण म्हाताऱ्यांनी याचं काय घोडं मारलं होतं? बनवणाऱ्याला आण एकदा. माझे हात देते त्याला, म्हणावं उघड आता!" मी हसत झाकण उघडून दिलं आणि नांदेडची बस धरली. परतीच्या वाटेवर अहमदपूरच्या स्टँडवर बस थांबली होती, तेव्हा माझ्या बायकोचा, सुनंदाचा फोन आला. "अहो, अक्का उठंनात..." एवढंच तिला बोलता आलं. तिथून लातूरपर्यंतचा रस्ता मला आठवत नाही. आता काही आठवडे उलटलेत. ती बाटली अजून खिडकीत आहे आणि तिचं झाकण मी सैल ठेवतो. कुणासाठी, ते विचारू नका.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, महादेवी. उदगीरच्या कापड दुकानदाराची ही मुलगी डिझाइन शिकायला गुजरातेत गेली, तेव्हा भावकीला वाटलं, पोरगी झंपर शिवायला शिकते आहे. परत आली ती दवाखान्यातल्या वस्तूंचं खूळ घेऊन. खाटा, चाकांच्या खुर्च्या, सलाइनचे स्टँड, वॉर्डातली न्हाणीघरं... आजारी माणसाला आणि त्याच्या उशाशी बसणाऱ्याला हे सगळं नीट वापरता येतं का, ते बघायचं आणि येत नसेल तर बदलायचं, हा तिचा व्यवसाय. लग्न केलं नाही. लातूरला आमच्याच घरात वरच्या मजल्यावर राहायची. तिला कार्याला न्यायची मला धास्ती असे. नायगावला एका सोयरिकीच्या बैठकीतून बाईसाहेब गायब! शोधलं तर पाहुण्यांच्या न्हाणीघरात खाली बसून हात वर करून बघत होत्या. यजमानीणबाईंचा चेहरा उतरला. "काही कमी-जास्त झालं का, अक्का?" "कडी लई वर हाय," अक्का म्हणाली. "तुमच्या सासूबाई आत पडल्या तर बसल्या जागेवरून उघडायची कशी?" तरीही सोयरीक जमली, ही देवाची कृपा.

तिचं एक काम मी डोळ्यांनी पाहिलं. लातुरात एका डॉक्टरांनी नवं रुग्णालय बांधलं. दारापर्यंत पायऱ्यांऐवजी लांब उतरण, आत आरशासारखी फरशी. डॉक्टरांचं दुखणं निराळंच होतं. लोक उतरणीच्या पायथ्याशीच चपला काढायचे आणि वैशाखाच्या उन्हात अनवाणी वर चढायचे. पाय पोळले की पळायचे, म्हातारी माणसं धडपडायची. 'चपला घालून यावे' असा भला मोठा बोर्ड लावला, तरी तेच. "आमच्या लोकांना सांगून कळत नाही, मॅडम," डॉक्टर म्हणाले. अक्का बाहेर झाडाखाली जाऊन बसली. देवणीकडची एक बाई पोटुशी सून घेऊन आली होती. तिनं चपला काढल्या तशी अक्का उठली. "बाई, चपला का काढूलालाव?" बाई चकितच झाली. "आगं माय, एवढी लख्ख फरशी! देवाच्या दारावानी हाय. चपला घालून कसं जावं?" अक्कानं आपल्याही चपला काढल्या आणि तिच्याबरोबर ती उतरण चढली. त्या संध्याकाळी तळव्यांना तूप चोळत बसली होती. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना म्हणाली, "बोर्ड काढा. लोक आदर दाखवायलेत आन् आपण त्यांना पाटी दाखवायलोत."

"मग तर चपला काढतीलच की!"

"काढू द्या. कुठं काढायच्या, ते आपल्या हातात हाय."

डॉक्टरांना मानलं पाहिजे, त्यांनी सगळं ऐकलं. उतरणीवर पत्र्याची सावली आली, पायाखाली खडबडीत शहाबादी आली, आणि दाराच्या आत बसायला बाक, धरायला कठडा, चपलांना मांडणी. समोर जागा दिसायला लागल्यावर लोक चपलांसकट वर येऊ लागले. अक्कानं ते दुरून पाहिलं आणि मला कोपरखळी मारली. तेवढीच तिची बढाई.

पुढं कंपवातानं तिलाच गाठलं, आणि गाठलं ते डाव्या हातापासून. आम्ही लिंगायत. सकाळी आंघोळ झाली की गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, त्याची पूजा करायची आणि मगच अन्नाला शिवायचं, हा अक्काचा नेम. तळहातावरून लिंग खाली पडणं यासारखं वाईट आमच्यात दुसरं नाही. एका सकाळी ते घसरलं. पदरात अडकलं म्हणून निभावलं. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी पूजेला बसायलाच भ्यायली, आणि मग कसला घास नि कसलं काय. "अक्का, पाटावर ठेवून करा की पूजा," सुनंदा काकुळतीला आली. "देव काय रागावतो व्हय?" अक्का म्हणाली, "देव न्हाई गं रागावत. मलाच गोड लागंना." ती वाळत चालली होती. जगभराच्या आजाऱ्यांसाठी जिला उपाय सुचायचे, ती स्वतःच्या ताटासमोर नुसती बसून राहायची, हे बघवत नसे.

मग तिच्यातली कारागीर जागी झाली. सुताराकडून हात टेकायला लाकडी टेकू करून घेतला. त्यानं खांदा भरून आला. स्पंज घेतला, तो सरकायचा. शेवटी जुन्या खणाच्या पिशवीत तिनं ज्वारी भरली. त्यात कोपर बरोबर रुतून बसायचं. काही महिने त्यावर पूजा झाली, जेवण झालं, घरात बोलणं-हसणं परत आलं. ती पिशवी देवघरात तशीच आहे. सुनंदा म्हणते, ज्वारीला किडे लागतील, उन्हात पसरू या. मी हूं म्हणतो आणि विषय बदलतो. तिच्या कोपराचा खळगा आहे हो त्यात...

हात आणखी कापू लागला, तशी पिशवीही पुरेना. तेव्हा तिनं मला हाक मारली. "शिवा, समदं करून बघितलं. आता तुझा हात दे." मी तिच्या तळहाताखाली माझा उजवा हात धरला. "जरा वर. आता लई वर झाला. दाबू नको रे, पकडून ठेवल्यावानी वाटतंय. नुसता असू दे." कुठल्या खुर्चीला तिनं एवढं छळलं नसेल! जमता जमता जमलं. तिचा हात कापायचा, त्याच्याबरोबर माझाही हलायचा आणि लिंग मात्र जागेवर राहायचं. पूजा आटोपली की म्हणायची, "पास झालास," आणि सुनंदाकडे भाकरी मागायची. मी काही फार देवभोळा नाही. पण त्या सकाळी मला परत हव्या आहेत. दुसरं काही मागणं नाही.

आमच्यात दहन करत नाहीत, बसवून माती देतात. अक्काला बसवलं. स्वामींनी कपाळाला विभूती लावली आणि इष्टलिंग तिच्या डाव्या तळहातावर ठेवलं. मी शेजारीच वाकलेलो होतो. माझा उजवा हात कधी तिच्या हाताखाली गेला, मला कळलं नाही. भोवतीची माणसं थांबली. स्वामी हळूच म्हणाले, "सोडा आता, दादा. पडत न्हाई." मी हात काढून घेतला. तिचा हात तसाच राहिला, जराही न कापता. त्याच्यासाठीच तर आम्ही दोघं झटत आलो होतो. आणि आता तो थोडा तरी कापावा, म्हणून मी बघत उभा होतो.