पहिला घास त्यांचा

सासरे गेले आणि मी दत्त महाराजांवर रुसले. कारण ऐकाल तर क्रिमेटोरियममधली दहनाची तारीख! अंत्यविधीची व्यवस्था बघणारा फ्युनरल डायरेक्टर अदबीनं म्हणाला, "थोडं थांबावं लागेल." त्याचं थोडं म्हणजे जवळजवळ तीन आठवडे. इकडे आईंचा, म्हणजे सासूबाईंचा हट्ट, अग्नी दिल्याशिवाय घरात चूल पेटायची नाही. पुण्याहून नणंद फोनवर त्याला खतपाणी घालत होती. चहाची किटली चालते, मग मायक्रोवेव्ह का नाही, यावर आमच्याकडे भांडण झालं. डोकं भिंतीवर आपटावंसं वाटत होतं.

बरं, लंडनजवळच्या आमच्या वॉटफर्डातल्या मराठी घरांतून डबे येत होते, तरी आई घास घेईनात. इन्सुलिन घेणारं माणूस, आणि पोटात नुसता चहा! "ते तिथे थंडीत उपाशी पडलेत, मी कशी जेवू गं?" नवरा विनवून थकला, मी तर ओरडलेसुद्धा. असंच चाललं तर ॲडमिट करावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं, तेव्हा देव्हाऱ्यापुढे उभी राहून म्हणाले, "महाराज, उद्याची तारीख द्या, नाहीतर तुमचं तुम्ही बघा."

तारीख आलीच नाही. आल्या त्या शेजारच्या रोझलीन, राजमा-भाताचं पातेलं आणि कॉफीचा थर्मास घेऊन. त्या मूळच्या हैतीच्या. तिकडे परदेशातली मुलं पोचेपर्यंत दफन थांबतं आणि तोवर शेजारी त्या घरात बसून राहतात म्हणे. त्याही बसल्या. मोठ्यानं रडल्या, मग सासऱ्यांचे किस्से सांगून खदखदून हसल्या. आता यांचीही सरबराई माझ्याच गळ्यात, म्हणून मी चरफडत होते. तेवढ्यात त्यांनी कॉफी ओतली आणि पहिले थेंब सरळ माझ्या कार्पेटवर सांडले.

"अहो, कार्पेट!" मी किंचाळले.

"हिम फर्स्ट," त्या शांतपणे म्हणाल्या. गेलेल्याला आधी, मग आपण.

आईंना इंग्रजी बेताचंच, पण त्यांना काही सांगावं लागलं नाही. त्या उठल्या, भाताचा एक घास काढून खिडकीत ठेवला, हात जोडले आणि माझ्याकडे ताट मागितलं.

याला चमत्कार म्हणा असा माझा आग्रह नाही. तारीख लांबची ती लांबचीच राहिली, नणंदेचे फोनही थांबले नाहीत. पण महाराजांना काय द्यायचं ते शिकवणं मी तेव्हापासून सोडलं. त्यांना आमच्या घरातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं, एवढं मानलं की जिवाला स्वस्थता येते.

अग्नी द्यायच्या दिवशी आईंनी शवपेटीवर हात ठेवला. "या हो आता," म्हणाल्या, "उपाशी नाही पाठवत तुम्हाला."