डोलीच्या शाळेत ‘बरा’ चालत नाही

गौरव समितीच्या चिटणिसांनी मला बजावले आहे की लेख आदरपूर्ण असावा, मुद्देसूद असावा आणि त्यात वैताग नसावा. पहिल्या दोन गोष्टींचा प्रयत्न करतो. तिसरी माझ्या हातात नाही. ज्यांच्या साठीनिमित्त हा ग्रंथ निघतो आहे, त्या सुभेदार सखारामराव सुर्वे यांच्या हाताखाली मी उमेदीची सारी वर्षे काढली आहेत. त्यांच्याविषयी न वैतागता चार ओळी लिहिल्या, तर तो खोटेपणा होईल, आणि खोटे बोलू नये हे मला त्यांनीच शिकवले आहे.

आमची पहिली भेट झाली तेव्हा मी देवरूखकडच्या एका डोंगरातल्या गावाहून पायी रत्नागिरीला आलो होतो. शहराबाहेर सड्यावर, म्हणजे कातळाच्या उंच माळावर, कोणी निवृत्त सुभेदार पोरांना लष्करी इस्पितळाच्या कामासाठी तयार करतात, एवढेच कानावर आले होते. चिऱ्यांची एक लांबट पडवी, पुढे कातळाचे मैदान, आणि मैदानात खाकी अर्ध्या विजारीतले ताठ गृहस्थ. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळले आणि विचारले, “कसा आहेस?”

आता आमच्या मुलखात या प्रश्नाला एकच उत्तर असते. ताप फणफणलेला असो, घर वाहून गेलेले असो, माणूस तेच सांगतो. मी म्हणालो, “बरा हाय.”

“काय?”

“बरा हाय, साहेब.”

सुभेदारांनी शिटी फुंकली. चार मुले धावत आली, त्यांनी मला उचलले, दोन बांबूंना शिवलेल्या किंतानावर आडवे केले आणि थेट बाजारपेठेतून मिरवत नेऊन आणले! विहिरीवरच्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. एकीने तर विचारलेच, “ही कुणाची नवरी चालली गो डोलीतनं?” मला धरणी पोटात घेईल तर बरे असे झाले. मैदानात परत आल्यावर सुभेदार खाली बसले, माझे पाऊल त्यांनी मांडीवर घेतले आणि टाचेत रुतलेला बोराटीचा काटा सुईने काढला. मी लंगडत आलो हे त्यांनी लांबूनच पाहिले होते. “आता सांग,” ते म्हणाले. मी सांगितले, उजवी टाच, घाटी उतरल्यापासून, पाऊल टेकवत नाही. “हां. आता तू शाळेत आलास.”

ही शाळा. कागदोपत्री तिचे नाव लांबलचक आहे आणि ते सुभेदारांशिवाय कोणी उच्चारत नाही. गाव तिला डोलीची शाळा म्हणते. ती का निघाली हे नव्या मुलांना ठाऊक नसते, म्हणून इथे सांगतो. महायुद्धाच्या आधी सुभेदार घाटावरच्या एका छावणीत, लष्कराच्या वैद्यक शाळेत शिकवीत. मलमपट्टी, मोडल्या हाडाला फळ्या बांधणे, रक्त थांबवणे, जखमी माणूस धक्का न लागता उचलून आणणे, असे ते शिक्षण. युद्ध पेटले आणि शिकवणाऱ्यांनाही जहाजात चढवून बसऱ्याला धाडले. तिथल्या तळावर नदीतून होड्या भरभरून जखमी येत. गोरा डॉक्टर रांगेतून चालत जाई आणि आमचे सुभेदार, तेव्हाचे जमादार, त्याच्याबरोबर दुभाषी म्हणून चालत. एका होडीत हेदवीकडचा एक शिपाई होता. कांबळे गळ्यापर्यंत ओढलेले. डॉक्टरने विचारले, कसा आहे? शिपाई म्हणाला, “बरा हाय मी. फुडल्याला बघा.” जमादारांनी तसे सांगितले आणि डॉक्टर पुढे गेला. कांबळ्याखाली पोट फाटलेले होते. दिवस मावळायच्या आत तो माणूस गेला.

मी शिकून याच शाळेत मास्तर झाल्यावर ही हकीकत सुभेदारांनी मला एकदाच सांगितली. “मी भाषांतर अगदी बरोबर केलं होतं, मास्तर,” एवढेच शेवटी म्हणाले.

निवृत्त होऊन आल्यावर त्यांनी रत्नागिरीत ही शाळा काढली. कोकणातून पलटणीत जाणारा माणूस तक्रार करत नाही, म्हणून त्याला विचारणारा माणूस कोकणातलाच हवा, आणि त्याने ‘बरा’ हा शब्द ऐकून पुढे जाता कामा नये, हे त्यांच्या मनाने घेतले. पडवीच्या दारावर चुन्याने तीन प्रश्न लिहिले आहेत: कुठे? केव्हापासून? किती? विचारणाऱ्याने डोलीशेजारी गुडघा टेकायचा, आणि तिन्ही उत्तरे मिळाल्याशिवाय उठायचे नाही. आणखी एक नियम आहे. डोलीवर आडव्या झालेल्या माणसाला हुद्दा नसतो. तो कोणी असो, त्याने हुकूम सोडायचा नाही, विचारले त्याचे उत्तर द्यायचे. दर पावसाळ्यानंतर लष्करी इस्पितळातून साहेब येतात आणि आमची मुले निवडून नेतात. कुठल्या कुठल्या छावण्यांत आज आमच्याकडची पोरे गुडघे टेकून बसलेली आहेत, आणि याचा मला अभिमान आहे. वैताग वेगळा, अभिमान वेगळा.

हा हुद्द्याचा नियम गावाला सहजासहजी पचला नाही. एकदा शहरातले एक वजनदार गृहस्थ तरातरा सड्यावर आले. त्यांचा मुलगा शाळेत होता आणि त्याच्या डोलीला कोणाकोणाचे हात लागतात याचा त्यांना पत्ता लागला होता. त्यांनी बराच वेळ धर्म समजावून सांगितला. सुभेदारांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, “रावसाहेब, रक्त वाहतंय त्याला जात विचारत बसलो तर तो जात सांगून मरेल. आम्ही जखम विचारतो.” गृहस्थ पाय आपटत निघाले आणि उतरणीवर सुट्या चिऱ्यावरून घसरून पडले. घोटा सुजला. खाली नेणार कसे? शेवटी डोलीच आली. ती कोणी कोणी उचलली हे मी इथे लिहीत नाही, पण पुढच्या आठवड्यात मुलगा पुन्हा शाळेत होता.

त्यांच्या मायेविषयी लिहायचे तर मला माझ्या आईविषयी लिहावे लागेल. ती गावी आजारी होती. मी जाऊन पाहून आलो होतो. चुलीपाशी बसून तिने सांगितले, “मी बरी हाय रे, तू तुजं काम बग.” मी परत येऊन सुभेदारांना तसे सांगितले. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मी तिथेच खचलो. दुसऱ्या दिवशी चार मुले, एक डोली आणि सुभेदार असे आमच्या डोंगरात हजर! ते आईपाशी गुडघा टेकून बसले. ती लाजून चूर झाली. परका पुरुष, त्यातून सुभेदार! पण त्यांनी उठायचे नावच घेतले नाही. शेवटी तिने सांगितले, पोटात उजवीकडे, शिमग्यापासून, उभे राहवत नाही इतके. मुलांनी तिला डोलीत घालून पाळीपाळीने वाहत घाटी उतरवली आणि रत्नागिरीच्या इस्पितळात आणली. आज ती नातवंडांना रागे भरते आहे, ती सुभेदारांनी तिच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही म्हणून.

इथपर्यंत चिटणीस खूश असतील. आता वैतागाकडे वळतो.

गेल्या वर्षी सुभेदारांनी अभ्यासक्रमात एक नवी कवायत घातली: डोळे मिटून पट्टी बांधणे. म्हणाले, रणांगणावर दिवा कुठला, बोटांना दिसलं पाहिजे. मी भारावून गेलो. सगळा हंगाम मी पोरांकडून ती कवायत घोटून घेतली. सुभेदार स्वतः प्रत्येक पट्टी बोटांनी चाचपून पाहत आणि सैल असली तर ओरडत. वा, म्हटले, काय दृष्टी आहे या माणसाला!

कसली दृष्टी आणि कसले काय! एके दिवशी मी माझा कोट पडवीतल्या खुंटीला टांगून त्यावर टोपी अडकवली होती. सुभेदार आत आले, कोटापुढे उभे राहिले आणि गरजले, “टोपी सरळ कर! आणि उत्तर का देत नाहीस?” मी मागेच उभा होतो. पोरे हसू दाबत होती. मला हसू आले नाही. त्या क्षणी डोळे मिटून बांधायच्या पट्टीचा सगळा उलगडा झाला.

मी विचारले, “साहेब, डोळ्यांना काही होतंय का?”

आणि तुम्हाला सांगतो, दारावर चुन्याने ते तीन प्रश्न लिहिणारा हा माणूस, त्या दाराच्या चौकटीत उभा राहून मला म्हणाला, “छे छे. बरा आहे मी.”

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! मी हात जोडले, रागावलो, दोन दिवस बोललो नाही. पालथ्या घड्यावर पाणी. काकींना, म्हणजे त्यांच्या कुटुंबाला, विचारले, तर त्या माझ्यावरच उखडल्या. “मला काय इचारता मास्तर? सकाळी आमटी समजून भाताच्या पेजेत भाकरी बुडवतात आन वर म्हणतात आज आमटी पाणचट झाली. मी बोलले तर म्हणतात, तू गप ऱ्हा गो!” अखेर आमच्याच शाळेतून गेलेला आणि आता इस्पितळात कामाला असलेला एक विद्यार्थी डॉक्टरांना गप्पा मारण्याच्या निमित्ताने सड्यावर घेऊन आला. डॉक्टरांनी चहा पितापिता पाहून घेतले आणि मला बाजूला नेऊन सांगितले: मोतीबिंदू आहे. डावा डोळा जवळजवळ गेला. उजव्याची मुंबईत शस्त्रक्रिया होऊ शकते, पण पावसाळा काढलात तर खात्री नाही.

पावसाळा म्हणजे काय हे रत्नागिरीकराला सांगायला नको. एकदा दर्या खवळला की आगबोटी बंद. मग मुंबईस जायचे म्हणजे घाट चढून, गाड्या बदलत, धक्के खात. म्हणजे सुभेदार जाणारच नाहीत.

त्यांचे म्हणणे काय? तर दिवाळीनंतर बघू. लष्करी इस्पितळाचे साहेब येऊन पोरे निवडून जाऊ देत. शिकवणारा आंधळा झाला हे त्यांच्या कानावर गेले तर शाळेला विचारणार कोण? अहो, पण मग मी कशाला आहे? मला काय इथे सुपाऱ्या सोलायला ठेवले आहे? पट्टी मला येते, फळी मला येते, शिटीसुद्धा मला येते. हे सगळे त्यांनी मला शिकवले आणि आता माझ्यावर दोन महिने शाळा टाकून जाण्याचा त्यांना धीर होत नाही. याचे मला वाईट वाटते. सरळ लिहितो, फार वाईट वाटते.

या सत्कारालाही त्यांचा विरोध होता. “साठी बुद्धी नाठी हे गावभर जाहीर करायचंय का?” म्हणाले. चिटणिसांनी कशीबशी समजूत घातली. समारंभात ग्रंथातला एक लेख वाचून दाखवायचा असे समितीने ठरवले, तेव्हा मी माझा पुढे केला. समारंभ आहे आमच्याच मैदानात, आणि मानाची जागा म्हणून पोरांनी सुभेदारांसाठी, खुर्ची न ठेवता, शाळेची पहिली जुनी डोली फुलांनी सजवून मांडली आहे. सुभेदार त्यावर मोठ्या कौतुकाने टेकतील. पोरे चांगली शिकली आहेत.

तेव्हा सभ्य स्त्रीपुरुषहो, यापुढचे चार शब्द तुमच्यासाठी नाहीत.

साहेब, आपण डोलीवर आहात. डोलीवर हुद्दा नसतो, हा नियम आपला. मी हा कागद हातात घेऊन आपल्याशेजारी गुडघा टेकला आहे, आणि उत्तर मिळाल्याशिवाय उठायचे नाही, हाही नियम आपलाच. माझी आई पुढच्या रांगेत बसली आहे. ती आपल्याला दिसत नाही, मला ठाऊक आहे. हंगामातली शेवटची आगबोट उद्या निघते. काकींनी वळकटी बांधली आहे, बंदरातून बोटीपर्यंत नेणारा पडाव सांगून ठेवला आहे, आणि बंदरापर्यंत डोली उचलायला पोरांत भांडणे लागली आहेत. आपल्याला शंभर वर्षे आयुष्य लाभो, असे आज सगळेच म्हणतील. मीही म्हणतो. पण त्यातली उरलेली चाळीस आपल्याला दिसावीत.

कुठे, साहेब? केव्हापासून? किती?

आणि ‘बरा’ चालणार नाही.