भाऊजींचं आगाऊ प्रायश्चित्त

आमच्या भाऊजींना परदेशी जायचं होतं आणि कोणत्या देशी जायचं ते ठरत नव्हतं. तक्रार एवढीच आहे. पण एवढ्या एका गोष्टीपायी त्या माणसाने आपल्या बायकोचं, मुलीचं, अमरावतीच्या अर्ध्या कापूसबाजाराचं आणि सगळ्यांत जास्त माझं डोकं खाल्लं. मी त्यांचा धाकटा साळा. म्हणजे ऐकून घेण्यासाठीच जन्मलेला.

कापसाच्या तेजीचे दिवस होते. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेला जाईनासा झाला, आणि आमच्या काळ्या जमिनीतल्या बोंडांना एकाएकी सोन्याचा भाव आला. पैसा आला तसं ज्याला त्याला वेड लागलं. कोणी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवल्या, कोणी बंडीच्या चाकाला चांदीची पट्टी ठोकून घेतली. ही वेडं परवडली, कारण शेंब्या उद्या काढून ठेवता येतात. भाऊजींना मात्र जग पाहायचं होतं.

भाऊजी कापसाचे दलाल. बाजारात त्यांची नजर मानलेली. ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, आतली चिमूटभर रुई ओढायची, दोन बोटांत ताणून धागा पाहायचा, वास घ्यायचा आणि कचरा किती ते सांगून मोकळं व्हायचं. वाईट एवढंच की देशांनाही त्यांनी हीच रीत लावली. "गनपत, देश बी कापसावानीच पाहाव लागते," ते म्हणत. "वरतून पांढराफेक दिसते, आत हात घातला का हाती सरकी." प्रत्येक देशाला तीन प्रश्न: पाहायला काय आहे, हुंदडायला काय आहे आणि शिकायला भाषा कोणती मिळेल. तिन्हींत उतरेल तोच देश खरा.

मी चांदूर बाजारकडच्या आमच्या गावाहून कापसाच्या बंड्या घेऊन यायचो. बैल उन्हात उभे, माणसं उपाशी, मला हवा असायचा भाव. आणि हे मला चीन सांगत बसायचे. चीन म्हणे भाषेत नापास, "एकेक अक्षर म्हंजे एकेक घर हाय, शिराले जनम जाईन." विलायतेत पाहायला पुष्कळ, पण हुंदडायला काही नाही, सगळा धूर, आणि इंग्रजी तर साहेबाच्या खानसाम्याकडून घरबसल्या शिकता येते. जंगबारला शिकार आहे, पण एक धड इमारत नाही. दूर समुद्रातल्या मिरीच बेटाचं नाव मीच एकदा वैतागून सुचवलं, तर म्हणाले, "तठी आपलेच लोक ऊस तोडून रायले. त्यायच्यासंग मराठीच बोलाव लागन. मंग गेलो कायले?" मी म्हटलं, "भाऊजी, भाव सांगा." तर म्हणाले, "थांब ना बापा, अजून ब्रह्मदेश रायला."

शेवटी मिसर देश पास झाला. हा निकाल हाजीचाचांच्या दुकानात लागला. हाजीचाचा अत्तर विकत. ते मक्केला जाऊन आलेले होते, परतताना मिसरही पाहून आले होते, आणि आमच्या ओळखीत समुद्र पाहिलेला तेवढा एकच माणूस होता. पाहायला डोंगराएवढ्या दगडी कबरी, हुंदडायला उंटावरून वाळवंट, शिकायला अरबी, आणि वर तिथला लांब धाग्याचा कापूस! भाऊजींचे डोळे चमकले. त्या दिवसापासून रोज सकाळी बाजार सुरू व्हायच्या आधी ते चाचांच्या ओट्यावर बसून अरबी शिकू लागले. दोन वर्षं शिकले. घरात पाणी मागायचं ते अरबीत. माझी बहीण आक्का बिचारी भाकरी आणून ठेवायची, मग ते रागावायचे, मग ती रडायची. "माहेरी होती तवा मले सारं समजत होतं," ती मला म्हणायची. "या घरात येऊन मी येडी झाली काय रे गनपत?"

आक्काला खरी काळजी होती ती यमुनीची. यमुनी त्यांची एकुलती मुलगी. अकोल्याच्या एका चांगल्या घरी तिची सोयरीक ठरली होती, कुंकू लागलं होतं, कापूस घरात आला की लग्न. बाप समुद्र ओलांडून गेला तर जात जाईल, बापाची गेली की मुलीची सोयरीक गेली, हे आक्काला कळत होतं. भाऊजींनाही कळत होतं. म्हणून तर त्यांनी तो उपाय काढला. असा उपाय फक्त कापसाच्या दलालालाच सुचू शकतो.

तेजीत वायद्याचे सौदे चालत. पीक अजून शेतात उभं, बोंड फुटलेलं नाही, आणि त्याचा सौदा आजच करून मोकळं व्हायचं. भाऊजींनी विचार केला, पापाचं तसंच का करू नये? समुद्र ओलांडण्याचं प्रायश्चित्त परत आल्यावर घेतात. ते म्हणाले, आल्यावर हंगाम असेल, सवड नसेल, भटजीही अडून बसतील. आत्ताच उरकून टाकू. मी हात जोडले. "भाऊजी, आधी पाप, मग प्रायश्चित्त. जग असं चालतं."

"जग काहून मांगं हाय? याच्यानंच," ते म्हणाले.

पूर्णेच्या काठी एक शास्त्री गाठून त्यांनी मिशा उतरवल्या, पंचगव्य घेतलं, दान दिलं. तिथूनच परस्पर मेळघाटात सेमाडोहला गेले. कशाला? तर अंग कसायला! मिसरात वाळवंट आणि हे जंगलात चढ चढणार. आठ दिवसांत येतो म्हणाले आणि तिथल्या तापाने आडवे झाले. डोंगरात राहणाऱ्या एका कोरकूच्या झोपडीत तीन महिने पडून राहिले. त्या माणसाने रानातला पाला उकळून पाजला म्हणून वाचले. लाकडं वाहणाऱ्या बंडीवाल्याकडून आम्हाला निरोप मिळाला तेव्हा आक्काने देव पाण्यातून काढले.

ते परत आले ते काळे पडलेले, वाळलेले, मिशा नसलेले. अमरावतीने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि निकाल दिला. तीन महिने माणूस गायब, दोन वर्षं अरबी बडबडतोय, आणि पूर्णेकाठचा शास्त्री छाती ठोकून सांगतोय की समुद्र ओलांडल्याचं प्रायश्चित्त मीच दिलं. आता पाप केल्याशिवाय प्रायश्चित्त कोण घेतो? अकोल्याच्या सोयऱ्यांपर्यंत बातमी पोचली. त्यांनी जातीचे पंच बसवले आणि भाऊजींना बोलावणं धाडलं.

बैलांची दमणी जुंपून मी त्यांना अकोल्याला नेलं. तीन दिवसांच्या वाटेत मी एकच गोष्ट सांगत होतो: फक्त "नाही गेलो" म्हणा. दोन शब्द. त्यांनी मान डोलावली. पंचांमधले म्हातारे गृहस्थ तसे सौम्यच होते. त्यांनी विचारलं, "काय हो, गेल्ते का तुमी मिसरात?" आणि मग कुतूहलाने पुढे झुकून म्हणाले, "कसा हाय तो देश?"

झालं! इतकी वर्षं हा माणूस देशांबद्दल बोलत होता आणि आम्ही सगळे जांभया देत होतो. आज पहिल्यांदा चाळीस माणसं गप्प बसून त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. मी त्यांचं धोतर ओढलं. काही उपयोग झाला नाही. त्यांनी कबरी सांगितल्या, नदी सांगितली, उंट कसा बसतो आणि आधी कोणते पाय मुडपतो ते स्वतः खाली बसून दाखवलं. लोक "अरे बाप्पा" म्हणत होते. असं वर्णन मी जन्मात ऐकलं नाही, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती. बोलून झाल्यावर पंचांनी एकमेकांकडे पाहिलं आणि त्यांना वाळीत टाकलं.

त्यानंतर आक्काच्या घरी कोणी पाणी प्यायला येईना. शेजारणी दारावरून पदर सावरून पुढे जात. अकोल्याहून निरोप आला, महिनाभर वाट पाहू, मग आमचा मुलगा मोकळा. यमुनी सकाळी रुई वेचायला बसायची ती दिवे लागेपर्यंत मान वर करायची नाही. मी भाऊजींसमोर जाऊन उभा राहिलो आणि जन्मात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडलो. सांगा ना जाऊन, की सगळं खोटं होतं!

ते म्हणाले, "गनपत, दलालाजवळ काय रायते? ना जमीन, ना माल. एक जबान. भरल्या सभेत मी लबाड म्हनून उभा रायलो, तं बाजारात माह्या शब्दावर कोन सौदा करन?"

"आणि यमुनी?" मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच बैल जुंपून ते दारात उभे होते. या खेपेला मी हाजीचाचांनाही सोबत घेतलं. मला वाटलं, जाणता साक्षीदार असलेला बरा.

सभा पुन्हा बसली. भाऊजी उभे राहिले, पागोटं काढून हातात घेतलं आणि म्हणाले, "मी खोटं बोललो. मी कुठीच गेलो नाही. सेमाडोहात तापानं पडून होतो." आणि लोकांनी विश्वास ठेवला नाही! इतकं हुबेहूब सांगणारा माणूस गेल्याशिवाय राहिला असेल का? आता पोरीसाठी खोटं बोलून राहिला, असंच सगळे म्हणू लागले. मला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. खोटं खपलं आणि खरं खपेना.

तेव्हा चाचा उठले. "पंचहो, मी दोन खेपा समुद्र ओलांडला. मले दोन सवाल पुसू द्या." पंच म्हणाले, पुसा. चाचांनी भाऊजींकडे वळून विचारलं, "जहाजावर प्याचं पानी कुठून घेत होते?"

"समुद्रातून," भाऊजी म्हणाले. "खाली पानीच पानी. बादली सोडाची अन् प्याचं."

कोणीतरी खुदकन हसलं. समुद्र खारा असतो एवढं तर कीर्तनातसुद्धा ऐकलेलं असतं. चाचांनी पुढचा प्रश्न टाकला, "आन पयले तीन दिवस जहाजावर काय केलं?"

"काय करन? जेवलो. दोन्ही येळ पोटभर."

चाचा गडगडून हसले. "अल्ला कसम, हा मानूस जहाजावर चढलाच नाही! पयले तीन दिवस तं आतडी तोंडात येतात. अन्न पाहिलं तरी उलटी होते. हा म्हंते पोटभर जेवलो!" मग सगळी सभा हसली. पंच हसले, व्याही हसले, मी तर डोळे पुसून पुसून हसलो. वाळीत टाकलेलं मागे घेतलं गेलं. भाऊजी हातात पागोटं धरून मधोमध उभे होते.

यमुनीचं लग्न झालं, थाटात झालं. भाऊजींची दलाली मात्र त्या हंगामातच गेली. बाजारात ते दिसले की कोणीतरी विचारायचं, "काय भाऊ, समुद्राचं पानी गोड लागलं का?" पुढे तिकडची लढाई संपली, तेजी बसली, सगळेच खाली आले, पण ते सगळ्यांच्या आधी आले. कोणत्याही देशाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. आमच्याच शेतावर येऊन राहिले, कापूस वेचणाऱ्या बायांवर लक्ष ठेवू लागले. मीही कटकट संपली म्हणून सुटकेचा निःश्वास टाकला. बादलीचा आणि जेवणाचा तो किस्सा मी सोयऱ्याधायऱ्यांत प्रत्येक लग्नात सांगितला. ते असतानाच सांगितला. ते पंगतीत खाली मान घालून हसायचे.

ते गेले तेव्हा हाजीचाचा काठी टेकत आमच्या गावापर्यंत आले. फार थकले होते. येणाऱ्याजाणाऱ्यांत बोलता बोलता कोणीतरी तोच किस्सा काढला आणि सवयीने मीही हसलो. चाचा हसले नाहीत. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"गनपतराव, तुमाले अजून समजलं नाही काय? दोन वरसं रोज सकाळी तो माह्यापाशी बसे. जहाजावर गोडं पानी पिपात भरून नेतात, चढल्यावर पयले तीन दिवस उलटी होते, हे मी त्याले दहा खेपा सांगतलं होतं. त्याचा सबक त्याले पाठ होता. मी सवाल टाकला तं त्यानं माह्याकडं पाहिलं. अकोल्याच्या सभेत इतके लोक होते, पन त्यानं फक्त माह्याकडं पाहिलं. मंग म्हने, जेवलो. म्हनून मी इतक्या मोठ्यानं हसलो. दुसरं काय करत होतो?"

घरात आक्का यमुनीला कवटाळून बसली होती. मी ओट्यावर तसाच उभा राहिलो. मला एकेक लग्न आठवत होतं, एकेक पंगत, आणि माझ्या समोरच्या पाटावर बसून माझ्या बोलण्याला हसणारे भाऊजी.